वरच्या मजल्याविषयी

ती. बाबा व सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायच्या कायम नोकरीसाठी एमपीएससीतून माझी निवड झाल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा, तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. एरवी तुम्ही असा फोन देत नाही. आधी पाऊस, मग दुकानाची उधारी, मग माझ्या गाडीची सर्व्हिसिंग, आणि हे सगळं झालं की आईचा नंबर लागतो. त्यामुळे मला कळायचं ते कळलं. फोनवर माझाच आवाज भरून आला असता, म्हणून लिहायला बसले.

मी एम.डी. करत होते तेव्हा तुम्ही दुकानावर मजला चढवलात. जिना पाच फूट रुंद, पायऱ्या बुटक्या, वळणावर स्ट्रेचर फिरेल एवढी मोकळी जागा. गवंड्यानं दोनदा सांगितलं होतं की जागा वाया जाते, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. तालुक्याला आपल्या लेकीचा दवाखाना होणार, हे तुम्ही कुणाला बोलून दाखवलं नाहीत, बांधून दाखवलंत. म्हणून तो मजला रिकामा का राहणार, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

मी सेवा म्हणून सरकारी कॉलेजात राहते, असं नातेवाईक म्हणतात. ते खरं नाही. तालुक्यात प्रामाणिकपणे दवाखाना चालवणारा डॉक्टर माझ्याइतकीच सेवा करतो, रात्री-अपरात्री जरा जास्तच करतो. माझं कारण वेगळं आहे. मला शिकवताना चांगला डॉक्टर राहता येतं, एकटीनं राहता येईल याची मला खात्री नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मी सीनियर रेसिडेंट असताना एक सत्तरीचे आजोबा बेशुद्ध आले. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. साखर तपासली तर 32. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पाच मिनिटांत आजोबांनी डोळे उघडून मुलाला नावानं हाक मारली. सगळे खूश, मीही. ड्रिप बंद करून त्यांना वॉर्डात पाठवायला सांगितलं. तेव्हा मागे उभ्या असलेल्या इंटर्न मुलीनं विचारलं, "मॅडम, आजोबा घेतात ती मधुमेहाची गोळी शरीरात किती तास राहते?" आजोबांची किडनी आधीच कमजोर होती. अशा माणसात ती गोळी लवकर बाहेर पडत नाही, साखर पुन्हा पुन्हा खाली जाते, एक-दोन दिवस ड्रिप चालू ठेवून तासातासाला तपासावी लागते. मला हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या क्षणी मात्र आठवलं नाही. त्या रात्री साखर आणखी दोनदा उतरली, पण तिच्या प्रश्नामुळे ड्रिप चालू ठेवली होती. चौथ्या दिवशी आजोबा चालत घरी गेले. त्या मुलीनं विचारलं नसतं तर, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

आपल्या मजल्यावर माझ्या मागे असं विचारणारं कोण असेल? कंपाउंडर विचारणार नाही, सिस्टर विचारणार नाही, पेशंट तर "डॉक्टर म्हणतील तसं" म्हणतो. इथे रोज सकाळी नऊ वाजता पंधरा जण "का?" विचारायला उभे असतात.

मधे आठ महिने मी खासगी रुग्णालयात होते, ते तुम्हाला आवडलं होतं. पगार चांगला होता. पण दर महिन्याला ओपीडीतले किती पेशंट ॲडमिट झाले याचा तक्ता समोर यायचा आणि माझा आकडा कमी का, हे विचारलं जायचं. सगळीकडे असं नसतं. माझी वर्गातली मैत्रीण स्वतःचं छोटं रुग्णालय स्वच्छ हातांनी चालवते, तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मला मात्र त्या तक्त्यासमोर बसल्यावर पेशंट तपासताना हात अडखळायला लागला होता.

बाबा, तुमचा मुद्दा मला ठाऊक आहे. मी बारावीत असताना तुम्ही डॉ. हिंमतराव बावस्करांवरचं कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतंत. महाडसारख्या गावात राहून त्यांनी विंचूदंशावर काम केलं, लाल विंचवाच्या विषानं हृदयावर काय होतं ते एकेका पेशंटच्या उशाशी बसून टिपलं, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. संशोधनाला कॉलेजच लागतं असं नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण तशी माणसं विरळा. माझ्यासारखीला सोबत लागते, ग्रंथालय लागतं, आकडे तपासून "हे चुकलंय" म्हणणारे सर लागतात.

आता जे वाईट आहे तेही लिहिते, नाहीतर उद्या कुणा दुसऱ्याकडून ऐकाल.

चार वर्षं मी तात्पुरत्या नेमणुकीवर काढली. 120 दिवसांची ऑर्डर, मधे खंड, मग पुन्हा ऑर्डर. माझ्याबरोबर लागलेला एक सहकारी, उत्तम शिकवायचा, मुलं दुसऱ्या युनिटमधून येऊन त्याच्या क्लिनिकला, म्हणजे पेशंटपाशी शिकवायच्या तासाला, मागे उभी राहायची. त्याला घराचं कर्ज मिळेना, कारण बँक कायम नोकरीचं पत्र मागायची. त्यात कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीच्या वेळी शिक्षक मोजून दाखवायचे म्हणून दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवलं, तेव्हा बायको आठव्या महिन्यात होती. तो गेला. आता खासगीत आहे, सुखी आहे, आणि मी त्याला पळपुटा म्हणू देणार नाही. डॉक्टर शिकवण्यातून जातात ते सगळेच पैशापायी जात नाहीत. पुढच्या चार महिन्यांनंतर आपण कुठे असू हे माहीत नसलेल्या माणसाकडून वीस वर्षांचं काम होत नाही.

बाकीचंही आहे. सहायक प्राध्यापकाचा सहयोगी व्हायला चार वर्षं आणि छापलेले दोन पेपर लागतात. ओपीडी आटोपेपर्यंत दुपारचे तीन, मग वॉर्ड, मग कागद. त्यामुळे पेपर रात्री नऊनंतर लिहायचा. काही जण मग पैसे देऊन छापून मोकळे होतात, त्या पेपरांतून कुणालाही काही कळत नाही. 2025 पासून मोबाइलला चेहरा दाखवून हजेरी लावावी लागते. शिकवलं काय आणि कसं, हे मात्र अजून कुणी विचारत नाही. आणि ज्या विषयांत पुढे प्रॅक्टिस नाही, त्यांचे हाल तर बघवत नाहीत. 2023 मध्ये नीट-पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र, तरी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीच्या जागा रिकाम्या राहिल्याच. पहिल्या वर्षी मुलांच्या हातात शरीर देणारे हेच शिक्षक.

ऑक्टोबर 2024 मध्ये एकाच दिवशी महाराष्ट्रात दहा नव्या मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, जालना ही नावं ऐकून मला आनंदच झाला. आपल्यासारख्या घरातल्या मुलांना तिथे जागा मिळतील. पण इमारत उभी राहते तसा शिक्षक उभा राहत नाही, त्याला दहा-बारा वर्षं लागतात. माझी आताची नोकरी बदलीची आहे. उद्या त्यातल्या एखाद्या ठिकाणी जावं लागलं तर मी जाईन. मंदारशी बोलून ठेवलंय, त्याचं काम घरून होतं.

आई, तुझी भीती वेगळी. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याला ड्यूटीवरच्या त्या डॉक्टर मुलीचं जे झालं, त्यानंतर तू तीन महिने रोज रात्री अकराला फोन करत होतीस. मी वैतागून उचलायची, त्याबद्दल मनापासून माफ कर. आमच्या ड्यूटी रूमच्या दाराला आता आतून नीट कडी आहे. ती बसवून घ्यायला आम्हा बायकांना चार पत्रं द्यावी लागली. वॉर्डात नातेवाइकांची गर्दी चढते तेव्हा भीती वाटते, हे मी लपवत नाही. पण एकटीच्या दवाखान्यातही ती वाटली असती.

आणि मग गेल्या महिन्यातला एक बुधवार. वॉर्डात एक चाळिशीच्या बाई होत्या. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून हृदयाची झडप अरुंद झालेली. अशा झडपेचा आवाज फार खालच्या पट्टीतला असतो, दूर कुठे जातं फिरतंय असा. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडायला सांगायचं, स्टेथोस्कोपची लहान वाटी नुसती टेकवायची. दाबली की आवाज गेला. एका मुलीला तीन दिवस तो ऐकू येत नव्हता आणि ती रडवेली झाली होती. मी सांगत होते, हलकं धर, आणखी हलकं. तेवढ्यात त्या बाईच म्हणाल्या, "बाळा, जरा खाली घे. कालच्या पोराला तितं ऐकू आलं." मुलीनं वाटी बोटभर सरकवली आणि तिचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं. मग तिनं बाईंचा पदर नीट केला, पडदा ओढला आणि हात जोडले. ते तिला मी शिकवलेलं नव्हतं.

हृदयाची सोनोग्राफी करणारं इको मशीन असताना हे कशाला, असं मुलं विचारतात. मी सांगते, आपल्या तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दम लागलेली पहिलटकरीण येईल, तेव्हा तुझ्यापाशी मशीन नसेल, कान असतील. बाबा, आपल्या मजल्यावर दवाखाना मी काढणार नाही. पण त्या आरोग्य केंद्रात जी मुलगी बसलेली असेल, तिच्या कानांवर मी काम करते आहे.

मजला भाड्यानं द्यायचा असेल तर घाई करू नका. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा जेऊरचा आहे, मुलांचा डॉक्टर झालाय, आपल्याच भागात जागा शोधतोय. दिवाळीत त्याला घेऊन येते, तुम्ही बोलून बघा. नाहीच जमलं तर तुम्ही दोघं वर राहायला जा. पायऱ्या बुटक्या आहेत, आईच्या गुडघ्यांना झेपतील.

बी.पी.ची वही लिहीत राहा, आल्यावर बघणार आहे.

तुमची,
सुमी