पाऊस आमच्या शिवारात मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

हवामान बदललंय हे आता आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. ऐन फुलात वीस-वीस दिवस उघडीप, आणि सोयाबीन काढायला आलं की असा पाऊस की शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पिकं तर गेलीच पण नदीकाठची मातीसुद्धा खरडून गेली, ती काय पुढच्या वर्षी परत येत नसती.

तरी शेतकरी नुसता बसून नाही. आम्ही बीबीएफवर पेरतो, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी, जास्त पाऊस झाला तर सरीतनं पाणी निघून जातं आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, बियाणं पण कमी लागतं. सोयाबीनमध्ये तूर असतीच, एक गेलं तर दुसरं जानेवारीपर्यंत हाताला लागतं. तीन वर्षामागं ओढा रानात घुसून दोन एकर सोयाबीन सडलं, तेव्हा वरंब्यावरची तूर तेवढी वाचली, आणि दोन शेळ्या विकून पोरीची कॉलेजची फी भरली. आई अजून त्या शेळ्यांचं नाव काढती.

पण त्या वर्षी आम्ही मदतीच्या यादीत नव्हतो. का, तर अतिवृष्टी धरायला २४ तासात ६५ मिलीमीटर पाऊस लागतो आणि तो मोजतात महसूल मंडळाच्या यंत्रावर, त्या रात्री तिथं नुसती भुरभुर होती. एका मंडळात कितीतरी गावं असतात हो, पाऊस आता बांध बघून पडतोय!

विम्याचं पण तेच. एक रुपयातला विमा २०२३ ला आला आणि २०२५ च्या खरिपाला बंद झाला, आता २ टक्के हप्ता, तो भरू. पण आपल्या रानातलं नुकसान कळवून भरपाई मागायची सोय त्या खरिपाला काढून टाकली आणि सगळं पीक कापणी प्रयोगावर ठेवलं, म्हणजे काही निवडक रानातलं पीक कापून उतारा मोजायचा, तेही मंडळाची सरासरी. माळावर चांगलं पिकलं म्हणून ओढ्याकाठच्याला काहीच नाही, हे मला पटत नाही.

केंद्राच्या विंड्स या हवामान नोंदीच्या योजनेत ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक बसवायचं ठरलंय. ते पेरणीच्या आधी बसवा आणि मदतीला, विम्याला गावाचाच आकडा धरा. मी रोजचा पाऊस वहीत लिहून ठेवतोय, पण ती वही कुठल्याच टेबलावर चालत नाही.

- एक सोयाबीन उत्पादक, औसा तालुका, जि. लातूर