मंजूर प्रूफ सोडून जुन्या फाइलवरून पुस्तक छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पुस्तकनिर्मिती विभाग

विषय : कथा व आठवणींच्या संग्रहाची सदोष छपाई, वितरण ताबडतोब थांबवणे

महोदय,

संग्रहाच्या ३०० प्रती मिळाल्या. सही करून परत पाठवले होते ते तिसरे प्रूफ. छापून आले आहे ते पहिले. पान ११७ काढून पाहा. आठवणींच्या त्या प्रकरणातल्या दोन व्यक्तींची नावे त्यांच्याच सांगण्यावरून दुसऱ्या प्रुफात बदलली होती. छापील पुस्तकात मूळ नावे जशीच्या तशी आहेत. त्यामुळे बाकीच्या चुका नंतर. विक्रीला गेलेल्या प्रती आधी परत मागवा आणि ई-बुकही काढून घ्या.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर शुद्धिपत्र चिकटवून देण्याची तयारी दाखवली. त्यात काय छापणार? ‘अमुक नावाऐवजी तमुक वाचावे’ म्हटले की झाकायचे तेच नाव आणखी ठळक होते. तेवढा आठवा फॉर्म (एका कागदाच्या घडीतली १६ पाने), म्हणजे पाने ११३ ते १२८, बदलून देऊ हेही जमणार नाही. ही शिलाईची बांधणी नाही. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मांच्या घड्या पाठीकडून कापून मग गोंद लावतात. मधली १६ पाने ओढली तर शेजारचीही सुटतील. पुन्हा छापण्यावाचून मार्ग नाही.

दुसरी मोठी चूक अक्षरांची. पहिल्या प्रुफाचा मजकूर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलेला होता. जुन्या फाँटात रफार डोळ्यांना दिसतो तसा, अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये ‘र्’ उच्चाराप्रमाणे आधी येतो. कन्व्हर्टरने तो उचलून संपूर्ण जोडाक्षराच्या मागे न्यायला हवा. आपल्याकडचा एकच अक्षर मागे जातो, म्हणून ‘ईर्ष्या’ची ‘ईष्र्या’ आणि ‘मूर्च्छा’ची ‘मूच्र्छा’ झाली आहे. कुठे तर तो जागचा हललेलाच नाही: ‘कर्तृत्व’ऐवजी ‘कतृर्त्व’. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांचे ‘दुसर्‌या’, ‘तर्हा’ झाले ते वेगळेच दुखणे. तिथे ‘र्य’चे ‘ऱ्य’ असे सरसकट ‘रिप्लेस ऑल’ करू नये, नाहीतर ‘कार्य’चे ‘काऱ्य’ होईल. प्रत्येक ‘र्य’ डोळ्यांखालूनच घालावा लागतो. हे सगळे दुसऱ्या प्रुफावर लाल शाईने दुरुस्त करून दिलेले होते.

कथांमध्ये प्रसंग बदलताना एक ओळ मोकळी सोडली आहे. ती पानाच्या तळाशी आली की दिसतच नाही आणि वाचक एका प्रसंगातून थेट दुसऱ्यात पडतो. म्हणून अशा सात ठिकाणी तीन फुल्या टाकायला सांगितले होते. एकही नाही. शिवणीकडचा समास १२ मिलिमीटर ठेवल्याने ओळींची टोके पाठीच्या घळीत जातात. मंजूर मांडणीत तो २० होता.

छापील पुस्तक आणि ई-बुक दोन्हींना एकच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिला आहे. प्रत्येक स्वरूपाला वेगळा १३ अंकी क्रमांक लागतो. छापील आवृत्तीचा क्रमांक मात्र बदलू नका. नुसत्या दुरुस्तीच्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही.

तिसऱ्या प्रुफाच्या पीडीएफवरून ३०० प्रती विनाशुल्क छापून द्याव्यात. मशीन सुरू करण्यापूर्वी एक बांधलेली नमुना प्रत पाठवावी. तिच्यावर लेखी होकार मिळेपर्यंत छपाई करू नये. सदोष प्रती आपल्या खर्चाने नेऊन नष्ट कराव्यात, रद्दीत देऊ नयेत, कारण नावे त्यांतही आहेत. मांडणीची मूळ फाइलही सोबत द्यावी. वितरण थांबवल्याचे लेखी उत्तर दोन दिवसांत हवे. बाकीच्याला १५ दिवस पुरेत.

कळावे.

सोबत : सहीच्या तिसऱ्या प्रुफाची प्रत, पान ११७ चे दोन्ही पाठ, चुकलेल्या शब्दांची पानवार यादी