मी शाळेत असते तेव्हा तू काय करतोस?

चि. मनू,

रविवारी जेवताना तू विचारलंस, "बाबा, मी शाळेत असते तेव्हा तू घरी काय करतोस?" मी तोंडातला घास गिळेपर्यंत तुझं लक्ष दादाच्या ताटातल्या कुरडईकडे गेलं आणि विषय तिथेच संपला. माझं उत्तर मात्र राहून गेलं. म्हणून हे पत्र. तुला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत, तेव्हा आई वाचून दाखवेल. यातलं बरंच काही तिलाही नवीन असणार आहे.

तू झालीस तेव्हा मी कंपनीत कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. आई सकाळी बँकेत जाणार, आजीचे गुडघे धरलेले, मग सकाळी तुझ्यामागे पळणार कोण? दुपारी दोनला स्वारगेटहून कंपनीची बस, रात्री बाराला शिफ्ट सुटायची, भोसरीहून घरी पोचून पाठ टेकेपर्यंत एक वाजायचा. आणि सहाला तू माझ्या पोटावर बसून हजर. बालवाडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण ती बालवाडी म्हणजे तुला सोडून घरी यायचं, दूध तापवायचं आणि लगेच चपला घालून तुला आणायला निघायचं. त्यात मोकळा वेळ म्हणावा असा नव्हताच.

यंदा जूनमध्ये तू पहिलीत गेलीस. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने 2024 साली ठरवलं, त्यामुळे तुमची दोघांची वेळ एकच झाली, व्हॅनही एकच. आजी मला बजावत होती, पहिल्या दिवशी तुलाच रडू येईल बघ. व्हॅन वळली. खरं सांगू? रडूबिडू काही आलं नाही. वर आलो, चहा टाकला, कपात ओतला आणि बसून प्यायलो. मध्ये कुणी शी झाली म्हणून ओरडलं नाही, कुणाची पेन्सिल सोफ्याखाली गेली नाही. चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम होता. सहा वर्षांत मी चहाची ती चव विसरूनच गेलो होतो.

तेव्हापासून रोज सकाळचे चार-साडेचार तास माझे. पण पुण्यात सकाळी दहा वाजता मोकळा फिरणारा चाळिशीचा माणूस लोकांना बघवत नाही. त्याची नोकरी तरी गेलेली असणार, नाहीतर तो निवडणुकीला तरी उभा राहणार. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "सकाळी मोकळाच असतोस ना, मग सोसायटीचा सेक्रेटरी हो." शिफ्टमधला एक जण म्हणतो शेअर बाजार शीक, दुसरा म्हणतो रिक्षाचं परमिट काढ. तुझा मामा फोनवर म्हणाला, "एवढा वेळ वाया घालवतोस?" मी सगळ्यांना हो-हो म्हणतो आणि काहीच करत नाही. दळण आणतो, भाजी आणतो, आजीला डोळ्यांत थेंब घालतो. ती कामं आहेतच, पण ती धरली तरी मोठा वेळ उरतो. त्या उरलेल्या वेळाला कुणी हात लावलेला मला आवडत नाही.

बहुतेक दिवशी तळजाईला जातो. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार असते. वरची गर्द झाडी बघून मला वाटायचं केवढं जुनं जंगल आहे हे. रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की त्यातली पुष्कळ झाडं वनखात्याने लावलेली, गिरिपुष्पाची, मूळची मध्य अमेरिकेतली. त्या झाडाला उंदीरमारी असंही म्हणतात, कारण त्यात उंदरांना विषारी ठरणारं काहीतरी असतं. हे दादाला सांगू नकोस, तो पानं दप्तरात भरून वर्गात नेईल. तळजाईला मोर आहेत हे तुला माहीत आहे, पण आपण रविवारी सगळे जातो तेव्हा एवढी गर्दी असते की नुसता आवाजच ऐकू येतो. आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी दहाच्या सुमारास वाटेवर चिटपाखरू नसतं. एकदा एक मोर माझ्यापासून चार हातांवरून वाट ओलांडून गेला. पिसारा फुलवला नव्हता, तो मागे जमिनीवरून फरफटत चालला होता आणि त्यात पालापाचोळा अडकला होता. चालताना तो प्रत्येक पावलाला मान पुढे काढायचा, आपले सोसायटीचे काका काढतात अगदी तशी. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पाऊस फार असला की टेकडी बंद. अशाच एका दिवशी बाजीराव रोडला काहीतरी काम होतं, ते पटकन झालं, आणि समोर राजा दिनकर केळकर संग्रहालयाची पाटी दिसली. जन्मापासून पुण्यात राहतोय, पण शाळेच्या सहलीनंतर आत पाऊल टाकलं नव्हतं. सहलीत तर काय, रांगेत हात धरून एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर. या वेळी मागून ढकलणारं कुणी नव्हतं. कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल पाहिला, दिवे पाहिले, टाचा घासायच्या वज्र्या पाहिल्या. अडकित्त्यांच्या कपाटापाशी आलो आणि तिथून हलेचना.

अडकित्ता तू पाहिला नसशील. पणजी सुपारी कातरायची त्याने. दोन दांडे, एक पातं, मध्ये एक खिळा, बस. आता तुझा बाबा दिवसभर मशिनवर लोखंड कापतो, तर मी आधी नक्षी बघणार की खिळा? मी काचेला नाक लावून खिळा बघत होतो. एवढ्या वर्षांच्या वापरानंतरही दोन दांड्यांत फट नाही. आमच्याकडे असा जोड करायचा तर ड्रॉइंग येतं, मायक्रॉनमध्ये माप येतं, वर क्वालिटीवाला येऊन जॉब परत पाठवतो. त्या लोहाराकडे कानस, हातोडी आणि डोळा. आणि एवढं झाल्यावर त्याने दांड्याला पोपटाचा आकार दिलाय! पोपटाची चोच उघडमिट होईल अशी. सुपारी काही पोपट बघून जास्त चांगली कातरली जात नाही. कुणीतरी त्याला हे कर म्हणून सांगितलंही नसेल. त्याच्याकडे वेळ होता आणि त्याला तसं वाटलं, एवढंच. तिथला शिपाई दोनदा येऊन बघून गेला, हा माणूस अर्धा तास एकाच कपाटासमोर काय करतोय म्हणून.

हे सगळं एका माणसाने जमवलं. दिनकर केळकर. घरचा चष्म्याचा धंदा, कविताही करायचे. 1920च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या. राजवाड्यातल्या तलवारी-दागिने जमवणारे पुष्कळ असतात. यांनी विळ्या, दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवल्या, घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या. संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे कुठला राजेमहाराजा नव्हे, त्यांचा मुलगा. सात वर्षांचा असताना गेला. (ही ओळ आई वाचताना गाळेल बहुतेक.) त्या दिवशी व्हॅन यायच्या कितीतरी आधीच मी फाटकाशी छत्री घेऊन उभा होतो. तू उतरल्या उतरल्या माझे खिसे चाचपलेस, बाबाने खाऊ आणलाय म्हणून.

आईचं काय, असं तू विचारशील. तू नाही विचारलंस तरी ती वाचता वाचता थांबून माझ्याकडे बघेल, तेव्हा आधीच सांगतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते आणि तुमची शाळा असते. ती सकाळ तिची. तुमचे डबे, वेण्या, व्हॅन सगळं माझ्याकडे, आणि तिने काय करायचं ते तिने ठरवायचं. कधी ती साडेदहापर्यंत झोपते, कधी तयार होऊन बाहेर पडते. कुठे जाते ते मी विचारत नाही. एकदा तुळशीबागेची पिशवी घेऊन आली, एकदा नुसतीच हसत आली. माझ्या रोजच्या साडेचार तासांपुढे तिच्या महिन्यातल्या दोन सकाळी म्हणजे काहीच नाहीत, हे मलाही दिसतं. त्याचा हिशोब आमच्यात अजून लागायचा आहे.

तर मी हे असं करतो. आणि एकदा, एकदाच, पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून वर गेलो आणि तुमच्या शाळेचं निळं पत्र्याचं छप्पर शोधत बसलो. सापडलं. मधली सुट्टी असावी, इतक्या लांबूनही मैदानावर ठिपके पळताना दिसत होते. त्यातला कुठला तू हे काही कळलं नाही. पण तू तिथे मजेत आहेस आणि मी इथे मजेत आहे असं वाटलं, आणि मी खाली येऊन काकडी खाल्ली, तिखटमीठ लावून.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हा दोघांना अडकित्ते दाखवायला नेईन. रोज मात्र नेणार नाही, आणि सुट्टी संपली की तुम्ही शाळेत आणि मी माझ्या उद्योगाला.

आता आवरतो, बसची वेळ झाली. डब्यातली फरसबी सगळी खायची, दादाला द्यायची नाही. आणि तुझी पाण्याची बाटली शुक्रवारपासून शाळेतच राहिली आहे, ती उद्या आठवणीने घेऊन ये.

तुझा,
बाबा