डबा तोच, शेडचा नंबर तोच, आतली पावडर मात्र दुसरीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या पार्लरवाल्या, नवरीचा मेकअप करणाऱ्या मुली आणि घरच्या घरी नटणाऱ्या बायका, सगळ्यांच्या हक्काच्या एका स्वस्त आयशॅडो पॅलेटचा (पापण्यांना लावायच्या रंगांच्या डब्याचा) फॉर्म्युला कंपनीने बदलला आहे. झाकणावरचे नाव तेच, शेडचे नंबर तेच, किंमतही जवळपास तीच. बदलली आहे ती आतली पावडर, आणि त्याबद्दल डब्यावर चकार शब्द नाही. कंपनीचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

जुना पॅलेट स्वस्त होता, पण माल अस्सल होता. त्यातला मॅट, म्हणजे चमक नसलेला, चॉकलेटी रंग गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर एका हातात उमटायचा, राखाडी पडायचा नाही. सकाळी केलेला मेकअप गोरज मुहूर्तापर्यंत शाबूत राहायचा. नव्या पॅलेटमध्ये ब्रश टेकवला की धुरळा उडतो आणि रंग पापणीपेक्षा गालावर जास्त पडतो. ब्लेंड करायला जावे तर शेड एकजीव होण्याऐवजी पुसलीच जाते, मधेच उघडी त्वचा दिसू लागते. शिमरच्या, म्हणजे चमकदार, शेडचे बरोबर उलटे आहे. थोड्या वापरानंतर पॅनवर (रंग बसवलेल्या छोट्या वाटीवर) चकचकीत कडक पापुद्रा धरतो आणि ब्रशला काहीच लागत नाही. हौशी मुलगी यावर चार पैसे फुकट गेले म्हणून गप्प बसेल. जिच्या हातात ऐन लग्नसराईत हा पॅलेट आहे तिने काय करायचे?

असे का होते हे कळायला पॅनमध्ये काय असते ते पाहावे लागेल. दाबून बसवलेल्या मॅट आयशॅडोत साधारण निम्मा भाग भरावाच्या पावडरीचा असतो, आणि वर्षानुवर्षे ती पावडर म्हणजे टाल्क (शंखजिरे). टाल्कचे कण चपटे, एकमेकांवरून सरकणारे, म्हणून रंग मऊ पसरतो. त्यात झिंक स्टिअरेट किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट ढोबळमानाने ३ ते ८ टक्के असते. रंग त्वचेला चिकटून राहतो तो त्याच्यामुळे. डायमेथिकोन किंवा मिनरल ऑइलसारखा तेलकट बाइंडर (पावडर एकत्र धरून ठेवणारा घटक) मॅटमध्ये ३ ते १० टक्के असतो. शिमरमध्ये तो वाढवावा लागतो, कारण चमक देणारे अभ्रकाचे कण मोठे असतात आणि कोरडे राहिले तर सुटून पडतात. उरलेला भाग आयर्न ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारख्या रंगद्रव्यांचा आणि थोड्या प्रिझर्व्हेटिव्हचा.

यातला एक घटक काढला की बाकी सगळे माप नव्याने बसवावे लागते. टाल्कच्या जागी मक्याचा स्टार्च आणि सिलिका घातली आणि बाइंडर जुन्याच मापात ठेवला, तर पावडर कोरडी पडते, कारण हे दोन्ही पदार्थ तेल ओढून घेतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते, तसा तो रंग पापणीच्या घडीत फाटतो. धुरळा कमी व्हावा म्हणून बाइंडर वाढवला किंवा प्रेसचा दाब वाढवला, तर पॅन कडक होतो. त्यावर बोटाचे आणि बेसचे तेल बसत जाते आणि तो पापुद्रा तयार होतो. हाताळताना तरी असेच दिसते की नव्या पॅलेटच्या मॅट शेडना पहिला दोष लागला आहे आणि शिमरला दुसरा. भरावात केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, जास्त असेल तर सावळ्या त्वचेवर पांढुरकी झाक येते. सिलिका जास्त असेल तर आरशात सगळे ठीक दिसते आणि फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये डोळ्यांभोवती पांढरे पट्टे उमटतात. लग्नाचा अल्बम हातात आल्यावर ते दिसून काय उपयोग?

कंपन्यांकडे बदलाची कारणे नसतात असे नाही. खाणीत टाल्कच्या शेजारी कर्करोगकारक अॅस्बेस्टॉस सापडू शकतो. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. झारखंड-बिहारच्या अभ्रक खाणींत लहान मुले राबतात म्हणून काही ब्रँड कारखान्यात बनवलेल्या अभ्रकाकडे वळले. शिवाय अनेक स्वस्त ब्रँडचा स्वतःचा कारखाना नसतो, माल दुसऱ्याकडून बनवून घेतात. कारखाना बदलला की कृती तीच ठेवूनही दाब आणि दळण बदलते. यातल्या बऱ्याच बदलांना आमचा विरोध नाही; अभ्रकाबाबतचा बदल तर आम्हाला मनापासून हवा आहे. आमची तक्रार गुपचूपपणाची आहे.

रंगाची फसगत सगळ्यात जास्त लाल शेडमध्ये होते. डाळिंबी, वांगी, राणी या छटांमधला थंड लाल रंग बऱ्याचदा कार्माइनचा असतो, आणि कार्माइन कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात. पाकिटावर 'व्हेगन' (प्राणिजन्य घटक नसलेले) छापायचे तर ते काढावेच लागते. त्याच्या जागी लाल आयर्न ऑक्साइड आला की छटा विटकरीकडे झुकते. नवरीचा शालू डाळिंबी आणि पापणी विटकरी, असा तो मामला होतो. ज्यांना किड्यापासूनचा रंग नको आहे त्यांना तसा माल मिळालाच पाहिजे, पण शेडचा नंबर तरी बदला! नंबर बघून फोनवर माल मागवणाऱ्या इचलकरंजी-गारगोटीच्या पार्लरवालीला हे कळणार कसे?

आता नवा डबा घेताना काय पाहावे ते सांगतो. दुकानातला टेस्टर डोळ्याला कधीच लावू नये, त्यातून डोळ्यांची साथ पसरते. मनगटाच्या आतल्या बाजूला, प्रायमर (मेकअपआधी लावायचा थर) न लावता, बोटाने एकच पट्टा ओढा. लगेच दुकानाच्या दारात उजेडात या. ट्यूबलाइटखाली विटकरी आणि डाळिंबी यांतला फरक कळत नाही. दहा मिनिटांनी त्यावर टिश्यू नुसता दाबा, घासू नका. जुन्या फॉर्म्युल्याचा रंग टिश्यूवर जेमतेम लागतो, नव्याचा अर्धा उठून येतो. मग पांढऱ्या कागदावर ब्रश एकदा झटकून धुरळा किती पडतो ते पाहा, आणि शेवटी मोबाइलचा फ्लॅश लावून मनगटाचा फोटो काढा.

ज्यांनी डबा आधीच घेतला आहे त्यांना तो टाकून द्यावा लागेल असे नाही. धुरळा उडत असेल तर डोळ्यांचा मेकअप आधी उरका, फाउंडेशन नंतर लावा. प्रायमर किंवा कन्सीलरचा अगदी पातळ थर द्या आणि तो पावडरने सुकवू नका, थोडा चिकट राहू द्या. चपट्या ब्रशने रंग दाबून बसवा, ओढू नका. ब्लेंडिंग फक्त कडेला करा. कडक झालेल्या शिमरवर साधी सेलोटेप हलक्या हाताने दाबून उचला, पापुद्रा निघून येतो आणि खालचा मऊ थर मोकळा होतो. कोरड्या पावडरीत खोबरेल तेल किंवा ग्लिसरीन मिसळण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. पॅन दगड होतो, आणि तेल खवट होऊन पापण्या चुरचुरतात. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातले कपडेसुद्धा सर्द होतात; स्टार्चची पावडर ती ओल धरते. ओला ब्रश थेट पॅनमध्ये बुडवू नका, लागेल तेवढा रंग वेगळ्या छोट्या प्लेटवर काढून घ्या. डब्यासोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. पॅनवर ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर तो डबा मोह न ठेवता फेकून द्या, डोळ्यांशी खेळ नको.

हे सगळे ग्राहकाने ताडून पाहण्याऐवजी डब्यावर वाचता का येत नाही? याचे उत्तर कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पण त्यातच सवलत आहे: ३० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घन प्रसाधनाला ही यादी सक्तीची नाही. आयशॅडोचा एक पॅन दीड-दोन ग्रॅमचा आणि दहा-बारा शेडचा पॅलेटही ३० ग्रॅमच्या आतला. म्हणजे जवळजवळ अख्खा आयशॅडो बाजारच या सवलतीत बसतो. १० ग्रॅम किंवा त्याहून कमी घन मालाला तर बॅच नंबरचीही सक्ती नाही. चांगल्या कंपन्या यादी आपणहून छापतात. ज्या छापत नाहीत त्यांना कुणी विचारू शकत नाही. पापणीची त्वचा चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ. कार्माइनची किंवा सुगंधी द्रव्याची अॅलर्जी असलेल्या बाईला घटक कळायलाच हवेत, डबा कितीही छोटा असो.

याचा आणखी एक त्रास महाद्वार रोडवरच्या दुकानदारांना होतो आहे. गिऱ्हाईक डबा परत आणून 'हा डुप्लिकेट आहे' म्हणते. दुकानदार खरा असतो, पण सिद्ध काय करणार? दुसरीकडे खरोखर बनावट माल खपवणाऱ्याला 'कंपनीने फॉर्म्युला बदललाय' हे आयते उत्तर मिळाले आहे. तेव्हा गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने निदान उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक जुन्या डब्याशी जुळवून पाहावा. तो बदलला असेल तर कारखाना बदललेला असू शकतो.

आमचे मागणे मोजके आहे. फॉर्म्युला बदलला की किमान वर्षभर डब्याच्या दर्शनी भागावर 'नवीन फॉर्म्युला' असे मराठी किंवा हिंदीतही छापावे. रंगद्रव्य बदलले तर शेडला नवा नंबर द्यावा. घटकांची यादी डब्यावर मावत नसेल तर आत चिठ्ठी घालावी किंवा क्यूआर कोड द्यावा. ३० ग्रॅमची सवलत निदान डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी रद्द व्हावी. हा विषय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, म्हणून कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी तो तिथे मांडावा अशी आमची विनंती आहे.

आणि ज्या वाचक भगिनींना हा अनुभव आला आहे त्यांनी डबा फेकण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढावा, पक्की पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पापणीला सूज किंवा पुरळ आले असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी सोबत जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही लेखी अर्ज द्यावा. अर्जात शेडचा नंबर, उत्पादनाचा महिना आणि असल्यास बॅच नंबर जरूर लिहावा.

आपल्या विश्वासू,
काही मेकअप व्यावसायिक,
राजारामपुरी, कोल्हापूर