भरउन्हात तापणारे मोबाइल

महोदय,

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. बहुतेक मोबाइल मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठीच बनवलेले असतात. माझा मुलगा दुचाकीच्या हँडलला मोबाइल लावून घरोघरी पार्सल पोहोचवतो. गेल्या आठवड्यात भरदुपारी त्याच्या मोबाइलचा पडदा आधी अंधुक झाला, मग तापमानाचा इशारा देऊन तो बंदच पडला आणि पुढच्या घराचा पत्ताही त्यातच अडकला. काळी काच ऊन शोषते, त्यात नकाशा आणि चार्जिंग एकाच वेळी चालू असल्याने लिथियम-आयन बॅटरी आतूनही तापते आणि वारंवार असे झाल्यास कायमची कमकुवत होते. चार्जिंग थांबवून मोबाइल सावलीत ठेवावा हे खरे, पण ती सावली या मुलांना मिळावी कुठे? सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, तशाच त्यांच्या थांब्यांवरही महापालिकेने बांधाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर