मागे दोन पानं जास्त छापा की

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत कुमारांच्या पुस्तकांबद्दल येतं ते मी आवर्जून वाचतो, पण ऐतिहासिक रहस्यकादंबरी असली की परीक्षण "मुलांना इतिहासाची गोडी लागेल" इथेच येऊन थांबतं. अहो पण कुठल्या इतिहासाची?

नुकतीच अशी एक कादंबरी वाचली. १८५० च्या आसपासचं लंडन, मोठ्या घरात कामाला असलेली चौदा वर्षांची पोरगी, मालकाला कुणीतरी विष घातलेलं. सुरुवात झकास, रात्री पुस्तक खाली ठेववत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात पोलीस काय करतात तर ग्लासावरचे बोटांचे ठसे जुळवतात! लंडनच्या पोलिसांकडे ठशांचा विभाग आला १९०१ मध्ये, त्याआधी १८९७ ला तो आपल्या कलकत्त्यात सुरू झाला होता. माझ्या भाचीने हेच पुस्तक वाचलं आणि तिला आता ठाम वाटतं की तेव्हा असेच चोर पकडायचे.

वाईट याचं वाटतं की त्या काळात खरा मसाला भरपूर होता. सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, ओळखायची मार्शची चाचणी १८३६ पासून होती, नमुन्यातून निघणारा वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची, सोमल असेल तर तिच्यावर काळा चकचकीत डाग धरतो. यावर एक अख्खं प्रकरण झालं असतं की नाही? आणि १८४५ मध्ये लंडनजवळच्या स्लाउला खून करून रेल्वेने पळालेला टॉवेल नावाचा माणूस सापडला तो तारेमुळे, गाडी लंडनला पोचायच्या आत त्याचं वर्णन तिथे पोचलं होतं. त्या तारयंत्रात क्यू अक्षरच नव्हतं, म्हणून 'क्वेकर' (हा एक ख्रिस्ती पंथ, त्या माणसाचा पोशाख तसा होता) हा शब्द के लावून पाठवावा लागला आणि पलीकडचा क्लार्क गोंधळला. असलं काही कुणी रचून सांगितलं तर खोटं वाटेल!

लेखकाने कल्पना लढवू नये असं मी अजिबात म्हणत नाही, ठसे हवेत तर खुशाल घ्या, फक्त शेवटी दोन पानांत खरं काय नि रचलेलं काय ते सांगा, आणि तुमच्या परीक्षणात अशी पानं आहेत की नाहीत याची एक ओळ येऊ द्या. पानं मागेच हवीत हं, पुढे छापली तर खुनी कोण ते आधीच फुटायचं.

आपला एक वाचक