रँक लिस्ट पालकांच्या ग्रुपवर कशाला?

महोदय,

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत मी नीट-सीईटीच्या मुलांची मेस चालवते. बहुतेक पोरं कळवण, सटाणा, निफाड, दिंडोरीकडची. रविवारी टेस्ट होते आणि सोमवारी संध्याकाळी क्लासवाले पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांची रँक लिस्ट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ती लिस्ट मी कधी पाहिली नाही. मंगळवारी परत आलेले डबे उघडले की कळतं. भाजी तशीच, पोळ्या तशाच. मेसमध्ये जेवणाऱ्यांचं तर समोरच दिसतं. घास तोंडात असताना फोन वाजतो, ‘हो पप्पा, हो पप्पा’ चालतं आणि पोरगं ताट सरकवून उठतं.

हल्ली सगळं खापर मोबाइलवर फुटतं. मला ते पटत नाही. या मुलांना लासलगावचा कांद्याचा भाव रोजच्या रोज ठाऊक असतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती उठली ४ मे २०२४ ला, आणि ५ मे ला नीट होती. त्या हंगामात एका मुलाने रात्रीचं जेवण बंद केलं. ‘रात्री भूक लागत नाही काकू,’ म्हणायचा. वाढत्या वयाच्या पोराला भूक लागत नाही! घरी कांदा पडून होता आणि फीचा हप्ता राहिला होता, हे मागाहून त्याच्या मित्राकडून कळलं. अशा पोराची रँक घसरली की त्याच्या डोळ्यांपुढे मार्क नाही, गावच्या शेती सोसायटीचं कर्ज येतं.

त्यात मार्कांवरून बॅच पाडतात. आता माझ्याकडेही खालच्या बॅचची मुलं कोपऱ्यातलं टेबल धरून बसतात. त्यांना तिथे कुणी बसवलेलं नाही.

सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की गुणांवरून शक्यतो बॅच वेगळ्या करू नयेत, मुलांना चारचौघांत कमी लेखू नये आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमावा. २०२२ च्या सरकारी नोंदीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी हात धुण्याच्या बेसिनवर चिकटवला आहे. क्लासच्या फलकांवर मात्र अजून टॉपरांचेच फोटो दिसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचे मार्क त्याला आधी सांगा, मग त्याच्याच आईबापाला. इतरांना ते कळून काय करायचंय? आणि पालकांनो, सोमवारी फोन करायचाच असेल तर रात्री नऊनंतर करा. तोवर पोरांची जेवणं उरकलेली असतात.

– एक मेसवाल्या काकू, कॉलेज रोड, नाशिक